नऊ गावांचा एकच करपा

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मार्गुसनं उर्वेला ‘तुम्ही’ म्हटलं, तिथंच तिला काय ते कळायला हवं होतं. बारा वर्षांत तो तिला कधी तुम्ही म्हणाला नव्हता. तो शेतीसंशोधन संस्थेत नवा आला तेव्हा करप्यानं काळं पडलेलं बटाट्याचं पान कसं धरायचं, रोग जिवंत असतो ती डागाची कड कुठली आणि मेलेला भाग कुठला, हे उर्वेनंच त्याला सरींमध्ये उकिडवं बसून दाखवलं होतं. आता तो प्रयोगशाळेचा प्रमुख होता आणि ती अजूनही नमुने गोळा करणारी बाई होती, पण त्यावरून दोघांत कधी काही आडवं आलं नव्हतं.

“बसा,” मार्गुस म्हणाला. “तुम्हाला एक विचारायचंय.”

“बसा? माझ्यामागं कुणी आलंय का?” उर्वेनं हसत मागं वळून पाहिलं.

तो हसला नाही. त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. पडद्यावर एक यादी होती. मागच्या उन्हाळ्यात तिनं आणलेले बासष्ट नमुने, आणि प्रत्येकापुढं त्या करप्याच्या कुळाचा ठसा, आकड्यांच्या बारा जोड्यांमध्ये लिहिलेला. त्यातल्या तेवीस ओळी पिवळ्या केलेल्या होत्या. उर्वेनं चष्मा लावला. पिवळ्या ओळींतले आकडे वरपासून खालपर्यंत एकसारखे होते.

“असं कसं?” ती म्हणाली.

“तेच तर विचारतोय.”

आपल्याकडचा करपा असा नसतो, हे उर्वेइतकं कुणाला ठाऊक नसेल. दुसऱ्या देशांत मैलोन्‌मैल एकच कूळ पसरलेलं सापडतं. इथं वोरूमा जिल्ह्यात मात्र करपा मातीत हिवाळा काढतो, त्याचे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात आणि दरवर्षी नवी प्रजा जन्माला येते. जशी घरोघरच्या राय धान्याच्या भाकरीची आंबवण वेगळी, तसा परसापरसातला करपा वेगळा. म्हणून तर हे काम चाललं होतं. जुलै-ऑगस्टात उर्वे जुनी गाडी काढून गावोगाव फिरे, लोकांच्या परसातलं रोगट पान तोडी, औषध लावलेल्या जाड कागदावर ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबी. पानाचा हिरवा-तपकिरी रस कागदात उतरला की झालं. त्यावर गाव, तारीख आणि बटाट्याचं वाण लिहायचं. घरमालकाचं नाव मात्र लिहायचं नाही, आणि कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. लोक तिला दार उघडत ते या शब्दावर.

“तेवीस नमुने,” मार्गुस म्हणाला. “नऊ गावं. पहिल्यापासून शेवटच्या गावापर्यंत साठ किलोमीटर. वाणं तुम्ही वेगवेगळी लिहिलीत. आणि रोग मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत एकच.”

“वाऱ्यानं गेला असेल.”

“मधल्या गावांना चुकवून? मधल्या सगळ्या परसांत नेहमीसारखा वेगळा वेगळा आहे.” त्यानं टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. “उर्वे, मागच्या वर्षी ऑगस्टभर पाऊस होता. तुमचा गुडघा दुखत होता. मी समजू शकतो. पण यातले किती नमुने तुम्ही एकाच परसात बसून केलेत, तेवढं सांगा.”

उर्वेला आधी वाक्य कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

“मी तेवीस कागद एका जागी बसून दाबले आणि त्यांवर नऊ गावांची नावं टाकली, असं म्हणतोयस तू?”

“मी विचारतोय.”

“विचारत नाहीयेस.”

मार्गुसनं खाली बघत सांगितलं की यंदाचं उन्हाळ्याचं काम दुसऱ्या कुणाकडं तरी द्यावं लागेल, तेवीस नमुने बाद करावे लागतील, आणि संशोधनाच्या लेखात तिचं नाव घालणं आता बरं दिसणार नाही. हे सगळं तो मऊ आवाजात बोलला. उर्वेला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिथून ती थेट एहाकडं गेली. दुसरीकडं जाणार तरी कुठं? एहा आणि ती पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. उर्वेचा नवरा फिनलंडला कामाला गेला आणि तिकडचाच होऊन बसला, तेव्हा महिनाभर एहा रोज संध्याकाळी येऊन सूप करून घालायची. आता ती लेपासालू गावात लेक आणि जावयाबरोबर राहायची, आणि तिच्या बटाट्याचं बियाणं सगळ्या वोरूमात नावाजलेलं होतं. ‘एहाचा पिवळा’ म्हटलं की लोक पिशवी उघडूनही बघत नसत.

एहानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये उठून तिनं कॉफी ठेवली, भाकरीवर लोणी लावलं, वर खारवलेले छोटे मासे मांडले.

“किती गावं म्हणाला तो?” तिनं विचारलं.

“नऊ.”

“कुठली कुठली?”

उर्वेनं नावं सांगितली. एहानं खिडकीबाहेर पाहिलं. मग उर्वेच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “अगं, सोड ना ते. सत्तावन्नची झालीस. किती दिवस लोकांच्या चिखलात गुडघे टेकणार? त्या मार्गुसला म्हणावं, घाल तुझे कागद चुलीत. आपण दोघी मस्त मशरूम गोळा करत फिरू.”

“मी खोटं केलं नाही, एहा.”

“मला सांगतेस? तुला खोटं करता आलं असतं तर तुझा नवरा तरी परत आणला असतास.”

दोघी हसल्या. उर्वे त्या दिवशी बरीच हलकी होऊन घरी परतली.

पण हलकेपणा टिकला नाही. घरी तिनं आपल्या बारा वह्या काढल्या. मागच्या वर्षीच्या वहीत प्रत्येक भेट तिच्या अक्षरात होती. कुठल्या परसात किती सरी, पाऊस होता का, कुणी काय खायला दिलं, सगळं. नऊ गावं, तेवीस परसं. ती प्रत्येक ठिकाणी गेली होती, हे तिचे गुडघे सांगत होते. मग रोग एक कसा? दोन रात्री विचार केल्यावर तिला एकच उत्तर सुचलं. रोग वाऱ्यानं आला नाही, तर पोत्यातून आला. सगळ्यांनी बियाणं एकाच ठिकाणाहून आणलं असणार. पण वहीत तर वाणं वेगळी होती. लोकांनीच तशी सांगितली होती.

मार्चच्या शेवटी, रस्त्यावरचा बर्फ गेल्यावर, ती निघाली. संस्थेची गाडी आता नव्हती, म्हणून बसनं.

कूसिकू गावात लेयदाबाई राहायची. दर वर्षी ती उर्वेला आपलं भाजलेल्या पिठाचं आणि ताकाचं घट्ट पेय वाडगाभरून द्यायची आणि संपवल्याशिवाय उठू द्यायची नाही. यंदा ती दाराच्या चौकटीतच उभी राहिली.

“बियाणं? आमचंच की. घरचंच.”

“लेयदा, मागच्या वर्षी तू मला सांगितलंस, नवऱ्याच्या माहेरचं लाल वाण आहे.”

“नवऱ्याला माहेर असतं का? तूच चुकीचं लिहिलं असशील.” लेयदा हसली, पण तिनं आत बोलावलं नाही. “चुलीवर दूध आहे गं, उतू जाईल.”

दुसऱ्या गावात एकजण म्हणाला, आठवत नाही. तिसऱ्या गावात नवरा म्हणाला दुकानातून, आणि त्याच वेळी बायको म्हणाली मावशीकडून. चौथ्या गावात कुत्रं भुंकत राहिलं, पडदा हलला, दार उघडलं नाही. उर्वेच्या लक्षात यायला लागलं की हे विसरणं नाही. या लोकांना काहीतरी ठाऊक आहे, सगळ्यांना एकच, आणि ते फक्त तिलाच सांगायचं नाही असं ठरलेलं आहे.

मुस्तोया गावचे काल्यू काका त्र्याऐंशीचे होते. बायको गेल्यापासून एकटेच. त्यांनी उर्वेला आत घेतलं, कारण म्हाताऱ्याला बोलायला माणूस हवं होतं. कॉफी झाली, गुडघ्यांची चौकशी झाली. मग उर्वेनं बियाण्याची गोष्ट काढली नाही; आपल्यावर काय आळ आलाय तेवढंच सांगितलं.

काका बराच वेळ कपात चमचा फिरवत बसले.

“म्हणजे तू चोर ठरलीस?”

“चोर नाही. खोटारडी.”

“तेच ते.” त्यांनी चमचा बशीत ठेवला. “हे बघ पोरी, मला म्हटलं होतं की तुला कळलं तर एहावर दंड बसेल, म्हणून बोलू नका. तुझ्यावर काही येईल असं कुणी म्हटलं नव्हतं.”

“कुणी म्हटलं होतं?”

“एहानंच. आणखी कोण?”

गोष्ट साधी होती. हे नमुने घेतले त्याच्या आदल्या वर्षीचा हंगाम ओला गेला होता आणि एहाचं स्वतःचं बियाणं तळघरात सडलं. मागणी मात्र होती. तिचा जावई आयगार एका मोठ्या मळ्यावर कामाला होता. तिथं बाहेरच्या देशाचं बियाणं आलं होतं, आणि तपासणीत करपा निघाला म्हणून सबंध ट्रक फेकायला काढला होता. आयगारनं तो फुकटात उचलला. एहानं वरवर चांगले दिसणारे बटाटे निवडले, आपल्या पोत्यांत भरले आणि ‘एहाचा पिवळा’ म्हणून विकले. जूनमध्येच लोकांची रोपं काळी पडली. लोक भांडायला गेले तेव्हा ती रडली. प्रत्येकाला मधाची मोठी बरणी आणि शब्द दिला की पुढच्या वर्षीचं बियाणं माझ्याकडून फुकट. फक्त उर्वे नमुने घ्यायला येईल तेव्हा तिला वाणाचं काहीतरी दुसरं नाव सांगा.

“आणि तुम्ही सांगितलंत,” उर्वे म्हणाली.

“शेजार आहे. मी तुला काय सांगितलं होतं गं?”

“बायकोनं लावलेलं जुनं निळं वाण. मी विचारलं, निळं वाण असून फूल पांढरं कसं. तुम्ही म्हणालात, ती गेल्यापासून पांढरं येतं.”

म्हाताऱ्याची मान खाली गेली. उर्वेला त्या दिवशी त्या उत्तरानं भरून आलं होतं. तिनं ते वहीतसुद्धा लिहिलं होतं.

निघताना काकांनी तळघरातून दोन बटाटे आणून दिले. त्याच पोत्यातल्या पिकाचे, उरलेले. सालीवर गंजासारखे खोलगट डाग होते.

परतीच्या बसमध्ये उर्वेला आणखी एक गोष्ट आठवली. त्याच वसंतात एहानं तिलाही अर्धं पोतं दिलं होतं. उर्वेच्या परसातही करपा आला होता, ऑगस्टात, नेहमीच्या वेळी. तिनं स्वतःच्या परसाचाही नमुना घेतला होता. तो तेवीस पिवळ्या ओळींत नव्हता. त्याचा ठसा वेगळा होता, नेहमीसारखा.

दुसऱ्या दिवशी ती लेपासालूला गेली. एहा अंगणात काठीनं सतरंज्या झोडत होती.

“मला कुठले बटाटे दिले होतेस?” उर्वेनं फाटकातूनच विचारलं.

एहानं काठी खाली ठेवली. काय विचारलंय ते तिला लगेच कळलं, हे उर्वेला दिसलं.

“तुला आपलेच दिले होते,” एहा म्हणाली. “तळघरात सडले नव्हते तेवढे. चाळीस किलो निघाले. वीस मी ठेवले, वीस तुला दिले. तुला मी ते ट्रकातले कसे देईन? तू माझी आहेस ना.”

तिनं हे समजूत घालायच्या सुरात म्हटलं. उर्वेच्या मनात तोवर एक धागा उरला होता, की एहाला कदाचित ठाऊकच नसेल, जावयानं तिला फसवलं असेल. तो धागा या एका वाक्यानं तुटला. चांगले कुठले आणि वाईट कुठले हे एहाला पक्कं माहीत होतं. हातानं वेगळे केले होते तिनं.

“आणि फेब्रुवारीत? मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून रडले तेव्हा? तू मला गावांची नावं विचारलीस एहा. कितीजणांपर्यंत पोचलंय ते मोजत होतीस.”

“मग काय करू? आयगारची नोकरी गेली असती. लेकीला दुसरं होणार आहे. तुझं काय गेलं? एक काम गेलं. तुला पगार आहे, घर आहे, मागं कुणी नाही.”

“मागं कुणी नाही,” उर्वे म्हणाली.

“तसं नाही गं म्हणायचं मला.”

“तसंच म्हणायचं होतं.”

एहा रडायला लागली. उर्वेनं याआधी तिला रडताना पाहिलं की हमखास जवळ घेतलं होतं. या वेळी ती फाटकावर हात ठेवून उभी राहिली, रडणं थांबेपर्यंत. मग बसची वेळ झाली म्हणून निघाली. केसानं गळा कापणं म्हणतात ते तिनं आजवर ऐकलं होतं. केस किती मऊ असतो, ते आज कळलं.

काकांच्या बटाट्याच्या चकत्या तिनं ओल्या कागदावर ठेवून डबा खिडकीत ठेवला. पाचव्या दिवशी चकत्यांवर पांढरी लव उगवली. तिनं कपाटातून एक कोरा कागद काढला आणि चमच्याच्या पाठीनं लव त्यावर दाबली. तारीख लिहिली. गावाच्या जागी पेन थांबलं. मुस्तोया लिहिलं तर मार्गुस म्हणणार, ते तर यादीत आहेच. नुसता रोग जुळून तिचा खरेपणा सिद्ध होणार नव्हता. पोतं कुठून निघालं ते सांगावं लागणार होतं. बारा वर्षांत तिनं कुणाचं नाव दिलं नव्हतं. तिनं भांडी घासली, मांजराला खायला घातलं, पुन्हा येऊन बसली. आणि मग कागदाच्या मागच्या बाजूला, नेहमीच्या स्वच्छ अक्षरात, सगळं लिहिलं: लेपासालू, एहाचं नाव, ट्रक, नऊ गावं. काकांचं नाव तेवढं गाळलं.

तीन आठवड्यांनी मार्गुसचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“उर्वे, जुळलं! शेवटच्या आकड्यापर्यंत! बाहेरच्या देशातलंच कूळ आहे ते. अगं, बियाण्यातून एक कूळ कसं पसरतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याकडं कुणी पाहिलं नसेल. आणि हो, त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस. आकडेच तसे होते. तुझं नाव लेखात घालतो, दुसऱ्या क्रमांकावर.”

“आकडे बरोबर होते,” उर्वे म्हणाली. “त्यावरून तुम्ही काय मानलंत ते चूक होतं.”

“‘तुम्ही’ काय गं?”

उर्वेनं उन्हाळ्याच्या कामावर परत यायला होकार दिला, आणि एक अट घातली. नमुन्याच्या कागदावर यापुढं आणखी एक रकाना हवा: बियाणं कुठून आणलं.

मे महिन्यात सरकारी तपासनीस लेपासालूला गेले. एहाच्या तळघराला सील लागलं, तिचा बियाण्याचा धंदा बंद झाला. आयगारला मळ्यानं काढून टाकलं आणि तो उर्वेच्या नवऱ्याच्या वाटेनं फिनलंडला गेला. एहाची लेक बाळंत झाल्याचं उर्वेला वाण्याच्या दुकानात कळलं, तेही दुसऱ्या कुणाला सांगितलं जात असताना. ती आत शिरली तशा रांगेतल्या दोघीतिघी गप्प झाल्या. काउंटरवरच्या बाईनं तिचं दूध, पाव मोजून दिलं आणि हवेबद्दल एक शब्दही काढला नाही.

कुणीही तिला खोटारडी म्हणत नव्हतं. संस्थेच्या कागदांत ती निर्दोष होती. पण जुलैत ती संस्थेची गाडी घेऊन निघाली तेव्हा कूसिकूत लेयदानं तिला फाटकातून पान तोडून आणून दिलं आणि आत येऊ दिलं नाही. दोन गावांत नकोच म्हणाले. एकानं विचारलं, “आमच्याकडचं कुणाला सांगणार आता?”

मुस्तोयाला काल्यू काका बाकावर बसले होते. उठले नाहीत.

“तळघरातले बटाटे कुणी दिले ते सगळ्यांना कळलं,” ते म्हणाले.

“मी तुमचं नाव दिलं नाही.”

“नऊ गावांत माझ्याशिवाय तुला आत घेणारं कोण होतं? लोकांना हिशेब येतो.” त्यांनी तोंड रस्त्याकडं वळवलं. “तुला चोर ठरवलं म्हणून मी सांगितलं पोरी. तुला सांगितलं होतं. त्या संस्थेला नव्हतं सांगितलं.”

उर्वेला यावर बोलण्यासारखं बरंच होतं. बारा वर्षांच्या वह्या होत्या, खोटं सांगितलेलं निळं वाण होतं. तिनं गाडीतून कागद आणि चमचा काढला.

“जा, घे तुझं पान,” ते म्हणाले. “कॉफी मात्र नाही आज.”

ती सरींमध्ये गेली. तिसऱ्या सरीत करपा होता, पानाच्या टोकाशी, अजून ओला. तिनं पान तोडलं, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, चमचा फिरवला. गाव लिहिलं, तारीख लिहिली.

“काका,” तिनं तिथूनच हाक मारली, “बियाणं कुठून आणलंत यंदा?”

“दुकानातून,” काका म्हणाले.

उर्वेनं कागदावरून मान वर केली. म्हाताऱ्यानं तोंड वळवलेलं होतं, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता. दिसला असता तरी तिला आता काही ओळखता आलं असतं असं नाही. तिनं रकान्यात ‘दुकानातून’ असं लिहिलं आणि कागद सुकायला ठेवला.